एकच धडा, दोन शाळा

बालभारतीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक मराठीत निघतं तसं उर्दूतही निघतं. धडे तेच, चित्रं तीच, नकाशे तेच; उर्दू पुस्तक तेवढं उजवीकडून उघडतं. अमरावती, अकोला, अचलपूर, बाळापूर, अकोट अशा वऱ्हाडातल्या गावांत सकाळी ही दोन्ही पुस्तकं दप्तरात बसून निघतात, बऱ्याचदा एकाच रस्त्यावर एकमेकांना ओलांडतात आणि दोन वेगळ्या शाळांत शिरतात. शिवाजी महाराज दोन्हीकडे शिकवले जातात, पाऊसपाणी दोन्हीकडे शिकवलं जातं. पोरं मात्र पहिलीपासून दहावीपर्यंत एकमेकांच्या वर्गात पाऊल टाकत नाहीत.

हे कोणी कट करून केलेलं नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं अशी तरतूद राज्यघटनेच्या कलम 350-अ मध्ये आहे आणि महाराष्ट्राने ती पाळली आहे. घराजवळ उर्दू शाळा आहे म्हणून शाळेत टिकलेल्या मुली वऱ्हाडातल्या कुठल्याही मोहल्ल्यात भेटतील. तेव्हा ‘सगळ्या शाळा एक करून टाका’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही. पण या सोयीची एक किंमत आहे, ती मोजायला हवी. वस्त्या आधीच वेगळ्या, त्यात शाळा वेगळ्या. बऱ्याच ठिकाणी उर्दू शाळांचं केंद्र, म्हणजे शाळांचा गटही वेगळा, त्यामुळे शिक्षकांची दर महिन्याची शिक्षण परिषदसुद्धा वेगळी. सोळा वर्षांचा पोरगा दहावी पास होतो तेव्हा पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एकाही समवयस्काचं नाव त्याला ठाऊक नसतं. ठाऊक असतात ते मोबाइलवरचे व्हिडिओ.

त्याचं पुढे काय होतं ते गेल्या काही वर्षांत वऱ्हाडाने पाहिलं आहे. 12 नोव्हेंबर 2021 ला त्रिपुरातल्या धार्मिक हिंसाचाराच्या निषेधार्थ अमरावतीत मोर्चा निघाला, दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. 17 एप्रिल 2022 च्या रात्री अचलपुरात दुल्हा गेटवर झेंड्यांवरून दगड उडाले. 13 मे 2023 ला अकोल्याच्या जुन्या शहरात एका सोशल मीडिया पोस्टवरून दंगल झाली, एक माणूस जिवानिशी गेला. अशा प्रत्येक वेळी शांतता समितीची बैठक होते. ठाण्यात चहा येतो, दोन्हीकडची तीच वडीलधारी मंडळी त्याच खुर्च्यांवर बसतात, एकोप्याचं आवाहन पेपरात छापून येतं. या बैठका निरुपयोगी नाहीत. फक्त दगड मारणारं वय त्या खोलीत नसतं.

ते वय शाळेत असतं, निदान दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत होतं. म्हणून शिक्षणातून शांतता हा विषय पुन्हा पुन्हा निघतो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने हाती घेतला जातो. फळ्यावर सुविचार लिहितात, सर्वधर्मसमभावावर निबंध स्पर्धा घेतात, 26 जानेवारीला एका मुलाला फेटा, एकाला टोपी आणि एकाला पगडी घालून व्यासपीठावर उभं करतात. या वेशभूषेचा मला मनापासून कंटाळा आहे. त्यात प्रत्येक मूल आपल्या जमातीचा नमुना म्हणून उभं राहतं आणि नेमकी तीच सवय आपल्याला मोडायची असते.

मग काय केल्याने फरक पडतो? हा प्रश्न पन्नासच्या दशकापासून लोकांनी प्रयोग करून तपासला आहे. तुर्कस्तानात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी 1954 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचं उन्हाळी शिबिर भरवलं. मुलं सगळी एकाच प्रकारच्या घरांतली, एकमेकांना न ओळखणारी. त्यांचे दोन गट केले, गटांना नावं दिली, स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी टाकणं सुरू झालं. धर्म, जात, इतिहास यांतलं काही नसताना! आता हे भांडण मिटवायचं कसं? आधी दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. झालं उलटंच; जेवताना पोरांनी एकमेकांवर अन्न फेकलं. मग शिबिराचं पाणी बंद पडलं (ते मुद्दाम पाडलं होतं) आणि दोष शोधायला सगळ्यांना लागावं लागलं. जेवण आणणारा ट्रक बंद पडला, तो दोराने ओढायला दोन्ही गटांचे हात लागले. अशी कामं एकामागून एक आल्यावर गटांमधली तेढ ओसरली. या प्रयोगावर पुढे टीकाही खूप झाली, मोठी माणसं पडद्याआडून पोरांना चिथावत होती असा आक्षेप आहे. पण त्यातली एक गोष्ट पुढच्या अभ्यासांतही टिकली: नुसतं एकत्र आणल्याने भागत नाही, एकमेकांवाचून अडेल असं काम लागतं.

त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांचं पूर्वग्रहांवरचं पुस्तक आलं. दोन समाजांच्या माणसांच्या भेटीतून दुरावा केव्हा कमी होतो, याच्या त्यांनी चार अटी सांगितल्या: भेटीपुरती तरी दोघांची बरोबरी हवी, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला सहकार्य लागायला हवं, आणि ज्यांचा शब्द चालतो त्यांचा या भेटीला उघड पाठिंबा हवा. आपल्याकडचे बहुतेक ‘सद्भावना’ कार्यक्रम या अटींवर तपासून पाहावेत. चौथी अट कशीबशी पुरी होते, पालकमंत्री येतात म्हणून. पहिल्या तिन्हींचा पत्ता नसतो.

आपल्या देशातही हे तपासलं गेलं आहे. मॅट लो नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात खेड्यांमधल्या तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. काही संघ एकाच जातगटातल्या खेळाडूंचे, काही मिसळलेले. मिश्र संघात खेळलेल्यांची दुसऱ्या जातींत मैत्री वाढली. दुसऱ्या जातीच्या संघाविरुद्ध खेळल्याने मात्र ती वाढली नाही. 2021 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा मला आपल्याकडचे सद्भावना सामने आठवले: मोहल्ला विरुद्ध मोहल्ला, पोलीस विरुद्ध नागरिक. मैदान तेच, बॅट तीच, पण संघ पाडताना आपण चूक करून बसतो.

आता वर्गात जाऊ. 1971 मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा न्यायालयाच्या आदेशाने एक झाल्या आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे वर्ग पाहिले आणि त्यांना दिसलं की भांडणाचं एक मूळ शिकवण्याच्या रोजच्या पद्धतीतच आहे. बाई प्रश्न विचारतात, सहा हात वर होतात, एकाला संधी मिळते आणि बाकीचे पाच तो चुकावा म्हणून वाट पाहतात. त्यांनी धडा तुकड्यांत वाटला. आपल्याकडे ही पद्धत कशी बसवता येईल ते एका धड्यावर पाहू. धडा निवडू खारपाणपट्ट्याचा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही काठांनी हा पट्टा जातो. तिथल्या विहिरीचं पाणी मंदिरामागचं असो की मशिदीमागचं, खारटच लागतं.

मराठी शाळेतली पंधरा आणि उर्दू शाळेतली पंधरा, अशी सहावी-सातवीची तीस मुलं घ्या. पाच-पाचांचे सहा गट करा. प्रत्येक गटात दोन्ही शाळांची मुलं, एकीकडची दोन तर दुसरीकडची तीन. आता धड्याचे पाच तुकडे. पहिला: पूर्णा मध्य प्रदेशातल्या बैतुल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावून वऱ्हाडातून वाहत जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला कशी मिळते. दुसरा: या खोऱ्यातल्या गाळाच्या थरांमध्ये पाणी खारं का. तिसरा: या जमिनीत काय पिकतं आणि विहीर असूनही ओलित का करता येत नाही. चौथा: प्यायला पाणी कुठून येतं, वान आणि शहानूर धरणांपासून नळ कसा आला. पाचवा: शेततळ्याने काय साधतं. गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यायचा, एका कार्डावर, त्याच्या शाळेच्या लिपीत.

यात खरी मेख ही की दुसऱ्या क्रमांकाचं कार्ड गटात एकाच मुलाजवळ आहे. पाणी खारं का, हे बाकी चौघांना त्याच्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. बाई सांगणार नाहीत, पुस्तक बंद आहे आणि शेवटी पाचही तुकड्यांवर प्रत्येकाची स्वतंत्र चाचणी आहे.

पण कार्ड हातात पडल्यावर लगेच गटात बोलायचं नाही. आधी सगळ्या गटांतले दोन नंबरवाले एकत्र बसतात. म्हणजे सहा जण, पुन्हा मिश्र, एकच तुकडा मराठीत नि उर्दूत वाचणारे. इथे ते एकमेकांना विचारून आपला तुकडा पक्का करतात. अभ्यासात कच्च्या मुलाला ही पायरी तारून नेते. तो मूळ गटात परततो तेव्हा सांगण्यासारखं काहीतरी घेऊन परततो. मग प्रत्येकाने आपापल्या गटात पाच-सहा मिनिटं शिकवायचं.

इथे वर्गात जे बोलणं होतं ते साधारण असं असतं. “पाणी खारं कायले झालं बे, सांग ना.” “रुक ना, देख के बता रहा.” “देखून नको, आपल्या मनानं सांग.” उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी हा विषय असतो, पण तास सोडून मराठी बोलायची वेळ त्यांच्यावर फारशी येत नाही. मराठी शाळेतल्या पोरांना हिंदी तर सिनेमाने दिलेलीच असते. वऱ्हाडी आणि वऱ्हाडातली हिंदी एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की तिसऱ्या वाक्याला कोण कुठल्या शाळेतलं ते कानाला कळत नाही. पोरं अडखळतात ती वाचताना. तेव्हा मराठी शाळेतलं पोर उर्दू कार्डात डोकावतं आणि विचारतं, “हे कुठून वाचायचं?”

शिक्षकांचं काम इथे तोंड बंद ठेवण्याचं आहे आणि तेच सर्वांत अवघड. आपल्या शिक्षकाला शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग असं वाटत आलेलं आहे. या पद्धतीत गलका होतो. दुसरी चूक गटप्रमुख नेमण्याची. हुशार मुलगी गटप्रमुख होते, सगळ्यांची कार्डं गोळा करते आणि पाचही तुकडे स्वतःच सांगून मोकळी होते. प्रमुख नेमायचाच तर अडखळणाऱ्याला बोलायला वेळ मिळतो की नाही एवढं पाहणं हे त्याचं काम, आणि तो दर वेळी बदलायचा. तिसरी गोष्ट, कोणी अडखळणाऱ्याची टर उडवली तर बाईंनी रागवायचं नाही. शेजारी जाऊन एवढंच म्हणायचं, “त्याच्या तुकड्यावर दोन प्रश्न आहेत हं चाचणीत.” पोरं हिशेबी असतात.

एकदा करून काहीच होत नाही. महिन्यातून एकदा, किमान वर्षभर, गट न फोडता, तेव्हा कुठे. मग शाळाच एक का करू नयेत? उत्तर आयर्लंडमध्ये प्रोटेस्टंट आणि कॅथलिक मुलांना एकत्र शिकवणारं लॅगन कॉलेज 1981 मध्ये अठ्ठावीस मुलांवर सुरू झालं. चाळीस वर्षांनंतरही उत्तर आयर्लंडमधली बहुसंख्य मुलं आपापल्या पंथाच्या शाळेतच जातात. म्हणून त्यांनी दुसरी वाटही काढली: शाळा वेगळ्याच राहोत, पण दोन शाळांच्या मुलांनी काही विषय नियमितपणे एकत्र शिकावेत. 2016 मध्ये त्यासाठी कायदा झाला. वऱ्हाडाला जवळची वाट ही दुसरी. आपल्याकडे तर ती सोपी आहे. अभ्यासक्रम एक, पुस्तक एक, बऱ्याच ठिकाणी मालकही एकच, महापालिका किंवा जिल्हा परिषद.

याच्या मर्यादा झाकून ठेवण्यात शहाणपण नाही. राज्यशास्त्रज्ञ सलमा मूसा यांनी इराकमध्ये आयसिसच्या हल्ल्यांमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले. अभ्यास 2020 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. अशा संघांतले ख्रिस्ती खेळाडू मैदानावर बदलले. स्पर्धा संपल्यावर कित्येक महिन्यांनीही मुस्लिम खेळाडूंबरोबर सरावाला जात राहिले. मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांशी वागताना मात्र फारसा फरक दिसला नाही. म्हणजे खारपाणपट्ट्याच्या गटातला सोहेल ‘आपला सोहेल’ होईल, त्याच्या मोहल्ल्याबद्दलचं मत तिथेच राहील, हे घडू शकतं. तरीही माझ्या मते हे थोडकं नाही. दंगलीच्या रात्री मोहल्ल्याबद्दलचं मत बदललेलं नसलं तरी चालतं. पलीकडे एक फोन करता येईल असा माणूस लागतो.

ही गोष्ट राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांवरून मांडली. अलीगढ पेटतं आणि कालिकत पेटत नाही, असं का, याचा शोध घेताना त्यांना दिसलं की नुसत्या शेजारधर्माने मोठी शहरं वाचत नाहीत. दोन्ही समाजांची माणसं ज्यांत मिळून काम करतात अशा संघटना, व्यापारी मंडळं, कामगार संघ असतील तर अफवा जागच्या जागी मरते. महाराष्ट्रात याचा दाखला भिवंडीचा. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेल्या या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून गल्लीतली साधी माणसं घेतली, नियमित बैठका घेतल्या. 1992-93 ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. समित्या दंगलीच्या चार वर्षं आधी उभ्या होत्या, हे महत्त्वाचं. पीक वाळल्यावर विहीर खणायला घेण्याची आपली सवय इथे कामाची नाही.

शाळेजवळ अशी संघटना आयती आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती बसवली. तीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. मराठी आणि उर्दू शाळेच्या समित्यांची तिमाहीला एक एकत्र बैठक घ्यायला कोणाचं काहीच जात नाही. विषय शांततेचा ठेवू नये. शाळेसमोरचा गतिरोधक, पोषण आहाराचा तांदूळ, पोरींच्या स्वच्छतागृहाचं पाणी, असे ठेवावेत. त्यातून आयांचे फोन नंबर एकमेकींकडे जातात, ते पुढे कधी लागतील सांगता येत नाही.

वऱ्हाडाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. पंजाबराव देशमुख विलायतेहून परतल्यावर 1927 च्या सुमारास अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय निघालं. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका पंगतीत. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटलेला, नोव्हेंबर 1927 मध्ये डॉ. आंबेडकर अस्पृश्य परिषदेच्या अध्यक्षपदासाठी अमरावतीत आलेले, असा तो काळ. बाहेर जो वाद भाषणांत चालला होता तो छात्रालयात रोज सकाळ-संध्याकाळ जेवणाच्या ताटावर सोडवावा लागत होता. ऑलपोर्टच्या चारही अटी तिथे पुऱ्या होत होत्या, ऑलपोर्टचं पुस्तक यायला सत्तावीस वर्षं होती. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारलं आणि मूर्तीशिवायची सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. तिचा धागाही एकत्र बसण्याचाच. प्रार्थनेत मात्र एकाचं दुसऱ्यावाचून अडत नाही. मोझरीकरांनी रागावू नये, पण ‘ग्रामगीता’ ज्या श्रमदानाबद्दल बोलते त्याने प्रार्थनेपेक्षा जास्त माणसं जोडली असावीत असं मला वाटतं.

मिश्र गटांच्या या पद्धतीला वऱ्हाडातच एक अवघड अपवाद आहे. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी 2012 मध्ये प्रश्नचिन्ह नावाची आश्रमशाळा काढली. भोसले स्वतः फासेपारधी समाजातले, जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी सोडून आलेले. स्टेशनांवर आणि चौकांत भीक मागणारी पारधी पोरं त्यांनी गोळा केली. या समाजाचा गावाशी आणि पोलिसांशी असलेला झगडा दीडशे वर्षांचा आहे. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अशा कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, 31 ऑगस्ट 1952 ला ते कागदावर संपलं. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून आधी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर जाते. इथे शाळा फक्त पारधी मुलांची. मग बरोबरीची भेट कुठे, मिश्र गट कुठे?

मला वाटतं, इथे ऑलपोर्टची पहिली, बरोबरीची अटच आधी उभी करावी लागते. ज्या मुलाकडे जन्माचा दाखला नाही, जातीचा दाखला नाही, ज्याची घरची बोली वर्गात कोणालाच कळत नाही, त्याला गावच्या शाळेत मिश्र गटात बसवलं तर तो पाचवं कार्ड हातात धरून गप्प बसेल आणि गटाचा समज आणखी पक्का होईल. आश्रमशाळेने आधी त्याला कागद दिले, मराठी दिली, पाटीवर हात बसवला. त्याचं नाव शाळेच्या पटावर चढलं, आणि पारधी पोरासाठी ते सरकारने चोरीशिवाय दुसऱ्या कारणाने लिहिलेलं पहिलं नाव असू शकतं. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत या शाळेची जागा आली आणि 2019 मध्ये तिच्या काही इमारती पाडल्या गेल्या. दोन समाजांत भरवसा उभा राहण्याच्या बेतात असताना सरकार कुठल्या बाजूला दिसतं, यालाही ऑलपोर्टची चौथी अट लागू होते.

अफवा ओळखण्याचं शिक्षण हा या कामाचा दुसरा पाय. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच वर्षी केरळमध्ये कन्नूर जिल्हा प्रशासनाने दीडशे सरकारी शाळांत खोटा संदेश ओळखायचे वर्ग सुरू केले. या वर्गांत काय शिकवतात? फोटो जुना आहे का ते शोधायचं, आवाज आणि चित्र जुळतं का पाहायचं, बातमीत गाव आणि तारीख आहे का विचारायचं. एवढं तर आठवीची पोरं तासाभरात शिकतात. अवघड पुढे आहे. संदेश काकांनी पाठवलेला असतो, आणि घरच्या ग्रुपवर काकांना ‘हे खोटं आहे’ म्हणणं हा वऱ्हाडातल्या पोराच्या दृष्टीने पुराव्याचा प्रश्न नसून संस्काराचा प्रश्न असतो. म्हणून ते बोलायचं कसं याचा सराव वर्गात करून घ्यावा लागतो, नाटुकलं करून: “काका, हे कुठलं हाये? मले तं जुनं वाटून रायलं.” ग्रुपवर नाही, त्यांना एकट्यांना. उलटतपासणी नाही, नुसता प्रश्न.

आणि सगळं करूनही दंगल झालीच तर? संचारबंदी उठल्यावर शाळेचा पहिला दिवस बहुतेक ठिकाणी वाया जातो किंवा बिघडतो. कोणी लांबलचक भाषण देतं, कोणी काही घडलंच नाही असं दाखवून बेरजा देतं. त्या दिवशी वेळापत्रक पाळावं. नेहमीच्या घंटेने मुलांना धीर येतो. पहिला तास चित्रांचा ठेवावा, विषय न देता. कोणी जळालेली गाडी काढली तर तिच्यावर चर्चा उघडायची नाही, बाजूला बसून ‘हे काय आहे’ एवढं विचारावं आणि मूल सांगेल तेवढं ऐकावं. ‘कोणी दगड मारले’ हा प्रश्न वर्गात येणारच. उत्तर पोलीस शोधतील. वर्गाने शोधायला घेतलं तर दुपारपर्यंत दुसरी दंगल मैदानावर होईल. ज्यांच्या घरची दुकानं जळली त्या मुलांना वह्या-पुस्तकं दोन दिवसांत मिळावीत. आणि त्या महिन्यातला पलीकडच्या शाळेबरोबरचा गटाचा दिवस रद्द करायचा नाही. जागा बदला, वेळ कमी करा, पण तारीख तीच ठेवा. या एका निर्णयावर वर्षभराच्या कामाचं पारडं इकडे किंवा तिकडे जातं, आणि मुख्याध्यापकाला तो एकट्याने घ्यावा लागू नये म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र जूनमध्येच घेऊन ठेवावं.

मूल्यांचा तास कुठून आणायचा, ही सबब आता फारशी चालत नाही. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या पाचशे शाळांत सुरू केलेला मूल्यवर्धन कार्यक्रम पुढे राज्यभर गेला, त्यामुळे जोडीत बोलणं, गटात ठरवणं, वर्गाचे नियम मुलांनी करणं हे बऱ्याच शिक्षकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. 2024 पासून पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ही आहे. काही उर्दू शाळांत शुक्रवारी अर्धा दिवस असतो, तेव्हा शनिवार दोघांनाही जमतो. उरतो खर्च: तीस मुलांना ने-आण करायला ऑटो, दोन लिप्यांतली कार्डं, पोहे किंवा केळी. आणि आयांचा प्रश्न, ‘आमची पोर तिकडे का म्हणून जाईल?’ यावर चांगला उपाय म्हणजे पहिल्या दोन भेटी कोणाच्याच शाळेत ठेवू नयेत. अचलपूरवाल्यांनी हौज कटोऱ्याच्या जुन्या वास्तूवर न्यावं, बाळापूरवाल्यांनी गावच्या जुन्या छत्रीवर, अकोल्यात कृषी विद्यापीठाचं शेत, अमरावतीत शहराचं वाचनालय चालेल. सोबत दोन्हीकडच्या दोन-दोन आयांनी यावं. तिसरी भेट उर्दू शाळेत, चौथी मराठी शाळेत, आणि त्यानंतर आळीपाळीने.